आश्रुबा का उठला नाही

नांदूरघाटच्या स्टँडसमोर रामकिसनचं हॉटेल आहे. चहा बरा मिळतो, बाकडी डुगडुगतात, आणि सकाळी तिथं बसणाऱ्यांना कामाची घाई नसते. त्या दिवशी वाद निघाला तो आश्रुबा ओव्हाळवरून. आश्रुबा तिथंच होता. भिंतीकडच्या बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होता.

"हा जर आज तरणा असता ना," मुंजाजी म्हणाला, "तर तुमच्या टीव्हीतल्या समद्या बॉक्सरांना सकाळी लोळवून दुपारी भाकर खायला घरी आला असता."

मुंजाजी मेंढरांचा माणूस. काठी खांद्यावर आडवी, बोलणं मात्र सरळ उभं. आश्रुबाचा लहानपणापासूनचा सोबती.

"आबा, उगं काय बी बोलू नका," मुंजाजीचा मुलगा सोमनाथ म्हणाला. सोमनाथ पिकअप चालवायचा आणि सवडीनं केजला बॉक्सिंग शिकायला जायचा. अंगानं बापाच्या दीडपट होता. "त्या टायमाला काय व्हतं? दूध प्यायचं, जोर काढायचे अन् समोरच्याला हाणायचं. आता समदं मापून असतंय. खाणं मापून, झोप मापून. काका पैल्याच राउंडला खाली आले असते. अन् एकदा खाली आले की उठायचं काम न्हाई."

"ए बे, तोंड सांभाळ. कुनाला बोलायलास तू?" मुंजाजी म्हणाला.

"काका, राग नका मानू. गंमत करायलो."

आश्रुबानं बशी खाली ठेवली. राग आलाच नव्हता. तो शेवटच्या वाक्यावर अडकला होता. एकदा खाली आले की उठायचं काम न्हाई. पोरानं गमतीत फेकलेला खडा नेमका जुन्या जागी लागला होता.

गावात आश्रुबाला हेविट म्हणत. हेवीवेट हा शब्द गावाच्या जिभेवर घासून घासून तेवढाच उरला होता. बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, हे याचं आडनावच असावं. पण तो हेवीवेट कसा झाला, ते गावाला माहीत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधल्या साली तो फौजेत गेला. पलटणीत बॉक्सिंग होतं. आश्रुबा उंच, हाडापेराचा, हातानं लांब. वजन अठ्ठ्याहत्तर किलो. त्या वजनाच्या गटात दोन तयार गडी आधीच होते. जागा रिकामी होती ती वरच्या, एक्क्याऐंशीच्या पुढच्या हेवीवेटच्या गटात. आणि ज्याला टीममध्ये जागा, त्याला लंगरमधून जास्तीचं दूध, अंडी, मटण. घरून पत्र यायचं, सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात आणि तिथं मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढतात. आश्रुबानं फार विचार केला नाही. बॉक्सर वजन उतरवायला उपाशी राहतात. हा वजन चढवायला खात सुटला. काट्यावर उभं राहायच्या आधी त्यानं केळी खाल्ली, त्यावर पाणी प्यायलं, पोटाचा डेरा झाला, आणि काटा एक्क्याऐंशीच्या पुढं सरकला. झाला हेवीवेट. भूक न पाहिलेल्या माणसानं ही चूक केली नसती.

त्या गटाला खाली हद्द होती, वर नव्हती. ब्याऐंशीचा गडी आणि एकशे दहाचा गडी, दोघांना एकच रिंग. तरी आश्रुबा जिंकत गेला. जड माणसं लवकर दमतात आणि याचे पाय चालते होते. मग एका स्पर्धेत उत्तरेकडचा एक गडी समोर आला. एकशे दहाचा, पण न दमणारा. दुसऱ्या राउंडमध्ये आश्रुबा खाली बसला.

बसला हाच शब्द बरोबर. पडला नाही. गुडघे टेकलेले, एक हात दोरीला. डोकं साफ होतं. डोळ्यांपुढं अंधारी नाही, कानात घणघण नाही. पंच मोजत होता आणि प्रत्येक आकडा याला ऐकू येत होता. त्याला शिकवणारा उस्ताद कोपऱ्यातून ओरडत होता, ते ऐकू येत होतं. पुढच्या रांगेत एक साहेब सिगारेट पेटवत होता, काडी एकदा विझली, ते दिसत होतं. 'एट' आलं तेव्हा वाटलं, आता उठतो. मग नाइन झालं, मग टेन. उठला नाही. थोड्या वेळानं मात्र आपल्या पायांनी चालत तंबूत गेला. चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. उस्ताद काही बोलला नाही. नुसता याच्या तोंडाकडं बघत राहिला, बराच वेळ. तेवढं पुरलं.

डोकं शुद्धीवर, आकडे ऐकू येतात, तोंडाला मार नाही, आणि माणूस उठत नाही. म्हणजे काय? भ्याला. दुसरा अर्थ आश्रुबाला उभ्या जन्मात सापडला नाही. त्या वर्षी तो रिंगमधून बाहेर आला तो परत गेला नाही.

फौज सुटल्यावर केजच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली धरली. तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं. ते पाठीवर घेऊन तिरक्या फळीवरून रचलेल्या पोत्यांच्या थप्पीवर चढायचं. बाकीचे हमाल फळीच्या पायथ्याशी एक दम घ्यायचे. त्यात कमीपणा काहीच नाही, शहाणपण आहे. आश्रुबा घ्यायचा नाही. पाठीवर आलेलं ओझं थप्पीशिवाय टेकायचं नाही, हा त्याचा नेम. "हेविट, मरशील बे," म्हणायचे सोबतचे. लोकांना ती ताकद वाटायची. ताकद वेगळी आणि हट्ट वेगळा. एक पाठीत असते, दुसरा कुठं असतो ते ज्याचं त्याला ठाऊक. पुढं पन्नास किलोच्या गोण्या आल्या तेव्हा तो म्हणाला होता, "ही काय गोणी हाय? उशी हाय."

मापाडी माल मोजताना एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन करत तो आठाजवळ आला की आश्रुबा पाठ फिरवायचा, नाहीतर उगाच खोकायचा. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फक्त त्याच्या बायकोला, मुक्ताबाईला, कारण माहीत होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यानं तिला सांगितलं होतं.

"मग इचारा की कुनाला तरी," ती तेव्हा म्हणाली होती. "जाणत्याला."

"काय इचारू? मी भ्यालो व्हतो का, असं?"

"हां. असंच."

जाणता म्हणजे बॉक्सरच असणार. आणि तो हो म्हणाला तर? ओझं परवडतं, निकाल परवडत नाही. म्हणून आश्रुबा रिंगच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की उठून बाहेर जायचा. गाव म्हणायचं, हेविटला आताचं बॉक्सिंग पोरखेळ वाटतं.

आज त्यानं बशी पालथी घातली आणि विचारलं, "कधी असतंय तुमचं?"

"काय, काका?"

"हेच. हाणामारी."

"आजच हाय की. धारूरचा बाळू यायलाय. त्याच्यासंगं माझी लढत ठिवलीय आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी."

"मला ने."

मुंजाजी तोंडातला चहा गिळायचं विसरला. "कावून बे? इतकी वर्सं बोलवून बोलवून दमलो, आलास का कधी?"

"आज येतो."

आश्रुबा घरी धुतला सदरा घालायला गेला. मुक्ताबाई तांदूळ निवडत होती.

"कुठं निघाले?"

"केजला. इचारायला."

तिचा हात सुपात थांबला. काय विचारायला, हे तिनं विचारलं नाही. उठून टोपी झटकून दिली. "खाऊन जा."

"न्हाई. आल्यावर."

ती समजली. निकालाआधी घास उतरणार नव्हता.

पिकअपमध्ये पुढं तिघं दाटीनं बसले. वाटभर मुंजाजी बोलत होता आणि आश्रुबा बाहेर बघत होता. क्लास मोंढ्यामागच्या एका जुन्या गोदामात होता. दारातच आश्रुबा थबकला. हे गोदाम त्याच्या पाठीनं भरलेलं होतं. त्या खांबापासून आढ्यापर्यंत तूर लावली होती. आता तुरीचा वास गेला होता. घामाचा आणि रबराचा वास होता. थप्पीच्या जागी रिंग होती. आढ्याला साखळीनं लांब, काळ्या पिशव्या टांगल्या होत्या.

"पोती अजून हायतच की," तो म्हणाला. "निस्ती उभी टांगलीत."

शिकवणारी बाई हसली. स्वप्ना तिचं नाव. तिशीतली, ट्रॅकसूट घातलेली, गळ्यात शिट्टी. "या काका. सोमनाथ लई सांगतो तुमचं. हेवीवेट ना तुमी?"

"व्हतो."

"वजन किती व्हतं?"

"ब्याऐंशी. केळी धरून."

"केळी धरून म्हंजे?"

त्यानं सांगितलं. दुधाचं, पत्राचं, पाण्याचं, आणि शेवटी समोर आलेल्या एकशे दहाच्या गड्याचंही. सोमनाथ हसायला लागला, पण बाई हसली नाही. तिच्या क्लासातल्या पोरी सकाळपासून पाण्याचा घोट न घेता पळत होत्या, वजन उतरावं म्हणून. वजन चढवून रिंगमध्ये आलेला माणूस ती पहिल्यांदा बघत होती.

"आता ब्याऐंशीचा गडी हेवीवेटात धरत न्हाईत, काका," ती म्हणाली. "त्याच्या वर अजून दोन गट हायत. अन् समोरचा किती व्हता म्हणाले? एकशे दहा? आज त्याची अन् तुमची गाठच पडली नसती."

"म्हंजे काका हेविट न्हाईतच!" सोमनाथ म्हणाला.

मुंजाजीला ते लागलं. "मग इतकी वर्सं गावानं काय म्हनलं त्याला? आता काय गॅझेटात नाव बदलून आणायचं का?"

सगळे हसले. आश्रुबाही हसला, पण अर्धाच. गाठ पडली नसती हे खरं असेल. पण पडली होती. आणि समोरचा केवढाही असो, बसला कोण होता?

"एक ठोसा हाण, आश्रुबा. दाव ह्याला," मुंजाजी म्हणाला.

बाईनं हातमोजे चढवून दिले. नवे, मऊ, फुगीर. आश्रुबानं डावा पाय पुढं टाकला, खांदा उतरवला आणि उजवा मारला. साखळी खणखणली. सोमनाथची थट्टा तिथं थांबली.

"पाय अजून नीट पडतोय," बाई म्हणाली.

"पाय पडला. ठोसा अर्धा पोचला, अर्धा कोपरात राहिला," आश्रुबा म्हणाला आणि मोजे काढून दिले. झालं तेवढं झालं, दुसरा ठोसा मारून दिखावा त्याला करायचा नव्हता.

मग सोमनाथ आणि बाळू रिंगमध्ये गेले. बाळू बुटका, जाडजूड, तोंडातून शब्द न काढणारा. दोघांच्या डोक्याला गादीचे टोप बांधले होते.

"मेंढ्याच्या टकरीत मेंढ्याला कुनी उशी बांधीत न्हाई," मुंजाजी कुजबुजला.

"मेंढ्याला इचारलंय का कधी?" आश्रुबा म्हणाला.

पंच म्हणून बाई स्वतः मध्ये उभी राहिली. पहिला राउंड सोमनाथचा झाला. लांब हात, हलते पाय. आश्रुबाला बघवेना आणि नजरही काढता येईना. आपलीच चाल दुसऱ्याच्या अंगावर चढवल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या राउंडला सोमनाथ चढून गेला. बाळूच्या डोक्यावर उजवा टाकायला त्यानं कोपर वर उचललं. बाळूचा डावा हात खालून आला आणि उघड्या बरगडीखाली लागला. फार जोराचा दिसला नाही. आवाजसुद्धा झाला नाही.

सोमनाथ एक पाऊल मागं सरला. घरी काहीतरी विसरून आलेल्या माणसासारखं त्याचं तोंड झालं. मग एक गुडघा टेकला. मग दुसरा. एक हात दोरीला गेला.

आश्रुबा उभा राहिला.

"वन," बाई वाकून मोजायला लागली. "टू."

"ऊठ बे!" मुंजाजी ओरडला. "ऊठ! तोंडाला तर लागलं बी न्हाई! बसलास कावून?"

सोमनाथनं मान वळवून बापाकडं बघितलं. डोळे उघडे, स्वच्छ. ऐकू येत होतं त्याला. बाळू कोपऱ्यात उभा होता, तोही दिसत होता त्याला. "सिक्स. सेव्हन." आश्रुबानं या वेळी पाठ फिरवली नाही. "एट" झालं. दोरीवरची मूठ आवळली, खांदे वर आले, मान ताठली. कमरेच्या खाली काही हललं नाही. नाइन. टेन.

बाईनं हात हलवून लढत संपवली. सोमनाथला आडवं केलं, तोंडातलं रबर काढलं, गुडघे वर घ्यायला लावले. "श्वास घे. हळू. घाई न्हाई." मग ती काही न बोलता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बराच वेळ.

ते बघणं आश्रुबाच्या ओळखीचं होतं. पण तंबूत त्याला त्यात जे दिसलं होतं, ते इथं नव्हतं. बाई पोराचे डोळे तपासत होती. एवढंच.

आश्रुबा दोरीखालून आत गेला आणि कष्टानं खाली टेकला.

"सोमनाथ. आकडे ऐकू येत व्हते?"

"समदे."

"उठायचं मनात व्हतं?"

"व्हतं की, काका. पर खालचं अंगच माझं न्हवतं. मेन स्विच पाडल्यावानी."

आश्रुबा जरा पुढं वाकला. पुढचा प्रश्न पन्नास वर्षांचा होता. "भ्याला व्हतास?"

सोमनाथनं त्याच्याकडं असं बघितलं की म्हातारं खुळं झालं काय. "भ्यायला टाइम कुठं मिळाला?"

बाई म्हणाली, "लिव्हरवर बसला, काका. उजव्या बरगडीखाली. तिथं नीट लागला की डोकं जागं राहतंय अन् अंग खाली बसतंय. कितीबी छातीचा गडी असू द्या, उठता येत न्हाई. अन् जरा वेळानं असा चालायला लागतो की बघणाऱ्याला वाटावं, सोंग केलं व्हतं."

"कुनालाबी व्हतंय?"

"कुणालाबी. मला झालंय दोनदा."

आश्रुबाचा हात आपोआप आपल्या उजव्या बरगडीखाली गेला. इतकी वर्षं तो तोंडावरचा ठोसा शोधत होता. तोंडावरचा सापडत नव्हता म्हणून स्वतःला धरून बसला होता. अंगावरचे त्यानं मोजलेच नव्हते. अंगावर काय, रोजच बसत.

"त्यानं डाव्या हातानं मारला व्हता," तो म्हणाला.

कुणी, ते मुंजाजीला कळलं नाही. बाईला कळलं.

"किती आकडे ऐकले तुमी?"

"धा."

"मग तुमचंबी हेच," ती म्हणाली. नेकनूरची गाडी आली, असं सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

आश्रुबा रिंगबाहेर आला आणि खांबाला पाठ लावून खाली, फरशीवर बसला. पाय लांब केले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्या गोदामात त्यानं कधी फळीच्या पायथ्याशी दम घेतला नव्हता, तिथं तो आता दम घेत होता. एक मोठा, मग दुसरा. छातीतून काहीतरी उतरत होतं. जड माल उतरवताना हमाल जसे सांभाळून उतरवतात, तसं हळूहळू, कोपऱ्या-कोपऱ्यानं.

"तुला काय झालं बे?" मुंजाजी घाबरून जवळ आला. "तुला तर कुनी हाणलं न्हाई!"

"टेकलो जरा."

"तू? टेकलास?"

"हां," आश्रुबा म्हणाला. "बरं वाटायलंय. बस तू बी."

परत निघताना मोंढ्यापुढं गाडी अडली. ट्रक रिकामा होत होता. पन्नास किलोची गोणी घेतलेला एक हमाल फळीच्या पायथ्याशी क्षणभर थांबला, दम घेतला आणि वर चढला.

"निम्मं केलं पोतं," आश्रुबा म्हणाला. "बरं केलं."

सोमनाथचं लक्ष तिकडं नव्हतं. "आबा, हे हॉटेलात सांगू नका बरं."

"सांगनार तर! समद्या गावाला सांगनार. दोन मिंटं बसलाय माझा वाघ खाली."

"मी सांगतो," आश्रुबा म्हणाला. "तुझंबी अन् माझंबी."

मुंजाजीनं वळून बघितलं. "तुझं काय?"

आश्रुबानं वाटेतच सांगून टाकलं. नांदूरघाट यायच्या आत संपलं. एवढीशी गोष्ट होती. मुंजाजीनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला ते कठीण गेलं असणार. मग म्हणाला, "मला आधी सांगितलं असतं तर म्या तवाच सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"की तू भ्यायचास न्हाईस."

"तुला लिव्हर ठावं व्हतं का?"

"तू ठावं व्हतास की," मुंजाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी मुक्ताबाई उंबऱ्यातच होती.

"इचारलं?"

"इचारलं."

"काय म्हनले?"

"लिव्हर."

"म्हंजे?"

आश्रुबानं तिचा हात धरून आपल्या बरगडीखाली ठेवला. "हितं लागलं व्हतं. हितं लागलं की कुनीच उठत न्हाई."

"मग भ्याला न्हवता?"

"भ्यायला टाइम मिळाला न्हाई."

तिनं हात काढला नाही लगेच. मग म्हणाली, "बरगडीचं दुखनं आन् जलमभर काळजाला लावून घेतलं. धन्य हाय तुमची. वाढू का?"

"वाढ. लई भूक लागलीया."

त्यानं दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली. त्या दुपारी तो असा झोपला की मुक्ताबाईनं मध्ये एकदा जवळ जाऊन श्वास चालू आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात सगळे वाट बघत होते. सोमनाथ मान खाली घालून बसला होता. रामकिसन चहा गाळता गाळता म्हणाला, "मग? काय ठरलं? आजच्या जमान्यात हेविट टिकला असता का न्हाई?"

मुंजाजीनं तोंड उघडलं. आश्रुबानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुसऱ्या राउंडला खाली बसलो असतो," तो म्हणाला.

रामकिसननं गाळणी बाजूला ठेवली.

"अन् उठले असते का?" रामकिसननं विचारलं.

"न्हाई. तवाबी उठलो न्हवतो. काल सोमनाथबी उठला न्हाई. तो ठोसाच तसा असतोय." आश्रुबानं मांडी सैल केली. "पर आजच्या जमान्यात एक बरं झालं असतं. त्या आडमाप गड्यापुढं मला उभंच केलं नसतं. अन् केलं असतं, तर कावून बसलो ते त्याच दिवशी कुनीतरी सांगितलं असतं. तेवढंच पायजे व्हतं."

"म्हंजे तुमी हरला व्हता?" कुणीतरी मागून विचारलं.

"हरलो की. चांगला हरलो."

सोमनाथची मान वर आली. रामकिसननं कप ओळीनं मांडले आणि डोकी मोजायला लागला. "लाभ, दोन, तीन..." भिंतीकडच्या बाकड्यापाशी येता येता त्याचा गोंधळ झाला. "किती झाले? सात?"

"आठ," आश्रुबा म्हणाला. "अन् माझा नववा. साखर जरा जास्त घाल."